उजवीकडून पहिलं चित्र

चँडलरच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये फोडणी घालायची म्हणजे तिघांची तयारी लागायची. आधी बाबा बाल्कनीचं सरकतं दार उघडायचे, मग मी खुर्चीवर चढून छतावरच्या स्मोक अलार्मखाली पेपरची घडी घेऊन सज्ज व्हायची, आणि मग आई विचारायची, "घालू का?" आम्ही हो म्हटलं की तेलात मोहरी पडायची. मी जोरजोरात वारा घालायची, तरी मधूनमधून तो अलार्म बोंबलायचाच. मग खालच्या मजल्यावरचा म्हातारा त्याच्या छताला, म्हणजे आमच्या जमिनीला, झाडूच्या दांड्यानं ठोकायचा. आई गॅस बंद करून ओठ दाबून हसायची. नागपूरच्या उन्हातून आलेल्या आम्हाला ॲरिझोनाच्या उन्हाचं भय नव्हतं, पण उन्हाळा म्हटला की कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास हवा, आणि इथं नुसता एसी दिवसरात्र घुमायचा. "गिरणीत राहिल्यासारखं वाटून राहिलं," आई म्हणायची. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आम्हाला येऊन दोन वर्षं झाली होती आणि मी घरात इंग्रजीतच उत्तरं द्यायला लागले होते.

आईला सांबारवडी फार प्रिय. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि ती वडी करायची तर कोथिंबीर ढिगानं लागते. अमेरिकन दुकानात आई एकदम नऊ-दहा जुड्या उचलायची. काउंटरवरची बाई विचारायची, "पार्टी आहे वाटतं?" आई काहीतरी सांगायला तोंड उघडायची, पण तोवर त्या बाईची नजर माझ्याकडे वळलेली असायची. आईचं इंग्रजी वाईट नव्हतं. ती वाक्य मनात जुळवायची, तपासायची, आणि मग बोलायची, एवढंच. तितका वेळ तिला कुणी देत नसे. हळूहळू दुकानात, बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे तिचं बोलणं माझ्याकडे आलं. सुरुवातीला मी सगळं जसंच्या तसं सांगायची. मग मला कंटाळा यायला लागला, आणि कंटाळ्याच्या मागून लाज आली. आई पाच वाक्यं बोलली की मी एक सांगायची, तेही मला बरं वाटेल ते.

हीच आई नागपूरला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. तिच्या तासाला मुली भेंडी, कारली, अर्धे कापलेले कांदे घेऊन यायच्या. भेंडी आडवी चिरली की तिचं फूल होतं. ते पोस्टर कलरमध्ये बुडवून कागदावर उमटवायचं. परीक्षांच्या दिवसांत आमच्या जेवणाच्या टेबलावर पन्नास-साठ स्थिरचित्रं पसरलेली असायची आणि आई वरणाचं भांडं हातात धरून विचारायची, "ठेवू कुठं?" चँडलरला आल्यावर टेबल कायम रिकामं असे. बाबांसारख्यांच्या व्हिसावर नवऱ्यामागून आलेल्या बायकांना नोकरी करता यायची नाही. आईनं तक्रार केली नाही, पण ती चित्र काढेनाशी झाली. मी कधी विचारलंही नाही. चौदाव्या वर्षी आईबद्दल काही विचारावं असं वाटत नाही. ती असते, बस.

त्या वर्षी बाबांच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत माणसं कमी करणं चालू होतं. एका शुक्रवारी घरी येऊन बाबांनी जाहीर केलं, "आपलं नाव नाही. चार दिवस सुट्टी घेतो. वर डोंगराकडे जाऊ, झाडं बघू." आईनं तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, दाण्याची चटणी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात दही-भात असं सगळं बांधलं. सकाळी निघालो तेव्हा दोन्ही बाजूंना निवडुंग होते. रस्ता चढायला लागला, निवडुंग मागे पडले, लाल खडक आले, आणि मग एखाद्यानं मान टाकावी तसा गाडीच्या टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात जाऊन पडला. बाबांनी कसंबसं एका छोट्या गावातल्या गॅरेजपर्यंत गाडी आणली. तिथल्या मेकॅनिकनं आत डोकं घालून पाहिलं आणि सांगितलं, "वॉटर पंप गेलाय. नवा शेजारच्या गावातून मागवतो. तीन तास धरा." बाबांचा स्वभाव असा की गाडी परक्या माणसाच्या हाती सोडून ते हलणार नाहीत. "तुम्ही दोघी फिरून या," ते म्हणाले, आणि गॅरेजच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पुऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले.

गावात एकच मोठा रस्ता होता. त्याच्या शेवटी पांढऱ्या लाकडी घराच्या कुंपणाला पाटी लावलेली होती: जपानी वुडब्लॉक प्रिंट्स, संग्रहालय, या. मला आइसक्रीमचं दुकान हवं होतं. आई मात्र पाटीपुढे थांबली आणि तिनं साडीचा पदर सारखा केला. प्रवासाला निघताना सुद्धा ती साडीच नेसायची, आणि त्यावर पांढरे स्पोर्ट्स शूज. त्या शूजचीही मला लाज वाटायची.

दार एका सत्तरीच्या बाईंनी उघडलं. उंच, किडकिडीत, पांढऱ्या केसांची वेणी पाठीवर. त्यांनी आपलं नाव डॉरथी सांगितलं. संग्रह त्यांच्या नवऱ्याचा. तो तरुणपणी सैन्यातून जपानला गेला होता आणि तिथं ही चित्रं गोळा करायला लागला, ते मरेपर्यंत. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. आता त्याच घराच्या खालच्या चार खोल्यांत चित्रं होती आणि वर त्या स्वतः राहात. "आज तुम्हीच पहिल्या," त्या म्हणाल्या. दुपारचे दोन वाजले होते.

बाहेरच्या लखलखीत उजेडातून आत आल्यावर आधी काही दिसेनाच. रंग उडू नयेत म्हणून खिडक्यांना जाड पडदे लावलेले होते. मग एकेक चौकट अंधारातून पुढे आली. पहिल्यांदा निळा रंग दिसला. मी त्याआधी निळा रंग पाहिला नव्हता असं मला वाटलं, आणि आज इतक्या वर्षांनीही त्याहून चांगलं वाक्य मला सुचत नाही. एका चित्रात वरच्या कडेला गडद निळं आकाश होतं आणि ते खाली येता येता इतकं हळू फिकट होत गेलं होतं की कुठं संपलं ते सांगता येईना. त्याखाली बर्फानं झाकलेली छपरं, आणि एक माणूस छत्री तिरकी धरून चाललेला. खोलीत इतकी शांतता होती की त्याच्या पावलाखाली बर्फ दबल्याचा आवाज येईल असं वाटत होतं. मी श्वास धरून उभी होते. माझ्या शेजारी आईही तशीच उभी होती.

"हे ब्रशनं नाही केलेलं," आई हळूच म्हणाली. "ठशावर रंग लावायचा आणि ओल्या फडक्यानं एका बाजूनं पुसत न्यायचा. मग छापायचा. आणि प्रत्येक कागदाला पुन्हा तेवढंच पुसायचं. समजून राहिलं का तुला, किती कठीण आहे?"

डॉरथीबाईंना शब्द कळले नाहीत, पण आईच्या हातानं हवेत फडकं फिरवलेलं त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी आम्हाला आतल्या खोलीत नेलं, सपाट खण असलेल्या कपाटातून एक कागद काढला आणि खिडकीचा पडदा बोटभर सरकवून तो उजेडात तिरका धरला. समोरून पाहताना त्या चित्रातल्या बाईचं वस्त्र कोरं पांढरं दिसत होतं. तिरक्या उजेडात त्यावर फुलांची नक्षी उमटली. रंगाचा ठिपका नव्हता. नुसता ठसा कागदात दाबून ती फुलं उठवली होती. आईच्या तोंडून "अगं बाई" असं निघालं. मग त्यांनी एक जुना लाकडी ठसा आईच्या हातात दिला. चेरीचं लाकूड, शाईनं काळंभोर झालेलं. त्यावर एका स्त्रीचं डोकं उलटं कोरलेलं होतं, आणि कपाळापाशी, जिथं केस सुरू होतात, तिथं एकेक केस सुटा उभा होता. लाकडातून! आईनं चष्मा कपाळावर चढवला, ठसा नाकाशी नेला, आणि करंगळीचं टोक त्या केसांवरून इतक्या हलक्या हातानं फिरवलं की जणू झोपलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावतेय. तो कोरणारा माणूस कधीच मेलेला. त्यानं श्वास रोखून कोरलेला केस माझ्या आईच्या बोटाखाली होता. माझ्या अंगावर काटा आला.

आणि नेमकं तेव्हाच आईला बोलावंसं वाटलं. माझ्यामार्फत नाही, स्वतः. तिनं वाक्य जुळवलं आणि म्हणाली, "आय ऑल्सो टीच प्रिंटिंग. टू चिल्ड्रन. विथ लेडीफिंगर."

डॉरथीबाईंनी आपल्या हाताची बोटं वर करून पाहिली. "बोटांचे ठसे?"

"नो, नो. लेडीफिंगर. वी कट इट." आईनं सुरीनं चिरल्याचा हातवारा केला. डॉरथीबाई दचकल्या. मग त्यांना काहीतरी सुचलं. "ओह, बिस्किट! ते लांबट, केकमध्ये घालतात ते?"

"व्हेजिटेबल," मी भिंतीकडे बघत म्हटलं. "ओक्रा. शी मीन्स ओक्रा." त्या मनापासून हसल्या, आईही हसली. मी हसले नाही. माझे कान तापले होते. मगाची सगळी जादू उतरली आणि मला फक्त साडीखालचे ते पांढरे शूज दिसायला लागले. इथून कधी एकदा निघतो असं मला झालं.

शेवटच्या खोलीत एकाच ओळीत तीन चौकटी होत्या. डॉरथीबाई म्हणाल्या, हे एकच चित्र तीन कागदांवर छापलेलं आहे, आणि हे माझ्या नवऱ्याचं सगळ्यांत आवडतं. संध्याकाळची नदी. डावीकडच्या, दाराजवळच्या चौकटीत काठावर उभी असलेली एक बाई, डाव्या बाजूला तोंड करून, एक हात उंच केलेला. मधल्या चौकटीत नाव, बांबू रेटणारा नावाडी आणि मान वळवून उजवीकडे बघणारी एक तरुण मुलगी. उजवीकडच्या चौकटीत पैलतीर, पाइनची झाडं, दिवे लागलेलं एक झोपडं. मी बघितल्यासारखं केलं. आई मात्र तिथं खिळली. ती मागे सरकली, पुढे आली, वाकली, पुन्हा मागे गेली. मग माझ्या कोपराला धरून म्हणाली, "मंजू, त्यांना सांग, हे उलटं लागलंय."

"आई, प्लीज."

"अगं बघ ना. ह्या बाईच्या पायाशी डाव्या कडेला ही काठी कुठून आली? ती नावाड्याची आहे. त्याचा बांबू उजव्या कडेला कापला गेलाय, त्याचं टोक इकडं आलंय. ही बाई उजवीकडं पाहिजे. सांग त्यांना."

मी चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यात एकच होतं: म्युझियम त्यांचं, चित्र त्यांचं, आणि माझी आई, जिला कोथिंबिरीच्या दुकानात बोलता येत नाही, ती त्यांना चूक दाखवणार. आणि ते मी इंग्रजीत बोलून दाखवायचं. डॉरथीबाई माझ्याकडे वळल्या होत्या, भुवया उंचावून, काय म्हणते आहे म्हणून.

"शी सेज इट्स ब्यूटिफुल," मी म्हणाले.

"थँक यू," डॉरथीबाई आईकडे बघून म्हणाल्या.

आईनं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. वर्गात एखाद्या मुलीनं दुसऱ्याचं चित्र आपलं म्हणून दाखवलं की शिक्षक क्षणभर तिच्याकडे बघतात आणि काहीच बोलत नाहीत, तसं ते बघणं होतं. मग तिनं पर्स उघडली, पेन्सिल काढली, आणि वाणसामानाच्या यादीचा कागद पाठकोरा उलटा करून खिडकीच्या कट्ट्यावर टेकवला.

आईला चित्र काढताना मी लहानपणी कितीतरी वेळा पाहिलं असणार, पण पाहिलं असं त्या दिवशी पहिल्यांदा. तिनं तीन चौकोन आखले, पट्टी न घेता, सरळ. मग हात सुटला. नदीची रेघ तिनं एका दमात तिन्ही चौकोनांतून ओढली, पेन्सिल न उचलता. पाच-सहा फटकाऱ्यांत नाव आली. नावाड्याचा बांबू मधल्या चौकोनातून निघाला आणि उजव्या चौकोनात घुसला. बाईचा उचललेला हात, मुलीची वळलेली मान, पाइनची झाडं. सगळं मूळच्या चित्रातलं, जिथल्या तिथं, आणि ती चित्राकडे फार तर दोनदा बघत होती. माझी आई, दुकानात माझ्या मागे उभी राहणारी, त्या कागदावर कुणाला काहीही न विचारता चालली होती. मगाशी निळ्या आकाशापुढे माझा श्वास अडकला होता ना, तसाच पुन्हा अडकला. आता मी आईच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे. पुष्कळ मोठी म्युझियम्स पाहिली, पण तसं अवाक व्हायला पुन्हा झालं नाही.

आईनं कागद डॉरथीबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो पाहिला, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. त्यांचा हात तोंडावर गेला. त्यांनी दाराजवळची चौकट भिंतीवरून उतरवली आणि पालथी केली. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं एक आकडा होता: १.

"भिंती रंगवल्या तेव्हा मी हे सगळं उतरवलं होतं," त्या म्हणाल्या. "तो गेल्यानंतर. पुन्हा लावताना त्याचे आकडे पाहून लावलं. एक, दोन, तीन." त्यांनी डावीकडून उजवीकडे बोट नेलं, आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं. "पण जपानी लोक उजवीकडून…"

"लाइक उर्दू," आई म्हणाली. "राइट साइड फर्स्ट."

आम्ही तिघींनी चौकटी बदलल्या. मी स्टूल धरलं, आईनं खिळ्याला दोरी अडकवली, डॉरथीबाई लांब उभ्या राहून डावी बाजू वर, जरा खाली, असं सांगत होत्या. मग आम्ही मागे सरलो. काठावरची बाई आता उजव्या टोकाला होती, तिचा उचललेला हात नदीकडे होता, आणि नावेतली मुलगी मान वळवून थेट तिच्याकडे बघत होती. दोघींच्या मध्ये पाणी होतं, संध्याकाळ होती, आणि नावाड्याचा बांबू एका कागदातून दुसऱ्या कागदात अखंड गेला होता. इतका वेळ त्या एकमेकींकडे पाठ करून उभ्या होत्या, आणि मला, जिला सगळं दिसत होतं, तेच दिसलं नव्हतं.

डॉरथीबाई स्टुलावर बसल्या. "मी रोज सकाळी खाली आले की दारापाशी आधी हीच दिसायची," त्या काठावरच्या बाईकडे बोट करून म्हणाल्या. "भिंतीकडे तोंड केलेली. मी तिला गुड मॉर्निंग म्हणायचे. मला वाटायचं, बिचारी, हिला निरोप द्यायलाही कुणी नाही." मी ते आईला मराठीत सांगायला लागले, एकही शब्द न गाळता, पण आईनं हात वर केला. तिला कळलं होतं. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

निघताना डॉरथीबाईंनी आईचा तो कागद मागितला आणि खाली सही करायला सांगितलं. आईनं मराठीत दोन ओळी लिहिल्या. "काय लिहिलंय?" त्यांनी मला विचारलं. मी वाचलं आणि भाषांतर केलं, सावकाश, आई जशी वाक्य तपासायची तशी तपासून: सुनंदा देशमुख. चित्रकला शिक्षिका, नागपूर. डॉरथीबाईंनी ते नाव तीनदा म्हणून पाहिलं, बरोबर येईपर्यंत. कागदाच्या मागे तांदूळ, मूग डाळ आणि सांबार लिहिलेलं होतं, ते त्यांनी विचारलं नाही. परवा फोनवर आई म्हणाली, यादीत मूग डाळ नव्हती, तूर होती. असेल.

गाडी तयार झाली होती. बाबांनी पुऱ्या एकट्यानं अर्ध्या संपवल्या होत्या आणि उरलेल्यांतल्या दोन मेकॅनिकला दिल्या होत्या. "काय होतं तिथं?" त्यांनी विचारलं.

"चित्रं होती जपानी," आई पुढच्या सीटवर बसत म्हणाली. "एक उलटं लागलं होतं. लावून दिलं."

बाबांना वाटलं ती थट्टा करतेय. ते हसले आणि गाडी सुरू केली. रस्ता पुन्हा चढायला लागला, खडक संपून पाइनची झाडं आली. बाबांनी काचा खाली केल्या. मी मागून पुढे झुकले आणि आईच्या सीटला धरून मराठीत म्हणाले, "आई, मगाशी मी त्यांना चुकीचं सांगितलं."

"माहीत आहे," आई म्हणाली. "ब्यूटिफुल येतं मला."

"मग तू काही बोलली का नाहीस?"

तिनं जरा वेळ लावला. वाक्य जुळवायला नाही. मराठीत तिला तशी गरज नव्हती.

"वाट बघून राहिले होते," ती म्हणाली. "म्हटलं, बघू, तू अजून काही बोलते का."

खिडकीतून गार वारा येत होता. आईनं पुढूनच हात मागे केला, माझ्याकडे न बघता, आणि मी तो दोन्ही हातांनी धरला. करंगळीच्या कडेला शिसपेन्सिलीची काळी चमक लागली होती. ती माझ्या तळव्याला लागली.